गिरण्यांना वीज कर्जत-खालापूरनं पुरवली, आता गिरणी कामगारांनाही तिकडंच पाठवायचं? शेलू-वांगणीचा वाद नेमका काय आहे

९ जुलै २०२५. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू होतं आणि आझाद मैदानावर पांढऱ्या केसांची गर्दी जमली होती. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी मुलाचा हात धरून. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस. उद्धव ठाकरेंसह विरोधी पक्षाचे नेतेही मैदानात गेले, त्यामुळं दिवसभर टीव्हीवर राजकारणाचीच चर्चा झाली. मूळ मागणी मात्र एका ओळीची होती. आमचं घर मुंबईतच द्या, शेलू-वांगणीला पाठवू नका.

रील स्क्रोल करताना हे आंदोलन तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं असेल, तर दोन प्रश्न नक्की पडले असतील. गिरण्या बंद पडून चाळीसेक वर्षं झाली, मग हे लोक आत्ता घर का मागतायत? आणि हे शेलू आहे तरी कुठं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मध्य रेल्वेनं कर्जतकडं निघालात की बदलापूरनंतर वांगणी लागतं, मग शेलू, मग नेरळ. वांगणी ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ तालुक्यात आहे. पुढचंच स्टेशन शेलू, ते रायगडच्या कर्जत तालुक्यात. सीएसएमटीपासून अंतर साधारण ८० किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी दोन तासांच्या आसपास वेळ जातो. बरं, ती फास्ट कल्याणपर्यंतच, तिथून पुढं प्रत्येक स्टेशन घेत जाते.

सरकारची योजना अशी आहे की या दोन ठिकाणी खासगी विकासकांकडून मिळून ८१ हजार घरं बांधून घ्यायची. वांगणीत ५१ हजार, शेलूत ३० हजार. घर साधारण ३०० चौरस फुटांचं. किंमत १५ लाख, त्यातले साडेपाच लाख सरकारी अनुदान आणि उरलेले साडेनऊ लाख कामगारानं भरायचे.

हा साडेनऊ लाखांचा आकडा लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये म्हाडानं बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या घरांची सोडत काढली, तेव्हा तिथल्या घराची किंमतही साडेनऊ लाखच होती. ती घरं २२५ चौरस फुटांची, म्हणजे लहान. पण ती वडाळा आणि लोअर परळमध्ये होती.

भडका मात्र किमतीवरून उडाला नाही, तो उडाला १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या कलम १७ वरून. या कलमाचा अर्थ असा होता की शेलू-वांगणीतलं घर ज्याला नको, त्याचा घरावरचा हक्कच संपला. हे घ्या, नाहीतर काहीच नाही. जुलैच्या आंदोलनानंतर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडून हे कलम काढून टाकण्याचं आश्वासन मिळालं. कलमाचा विषय त्यामुळं थंड झाला, घरांचा मात्र आहे तिथंच आहे.

मुळात हक्क आला कुठून?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठेक गिरण्या. मागण्या पगाराच्या आणि बोनसच्या होत्याच, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावरही राग होता. या कायद्यामुळं मालकांशी बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेकडं होता. बहुतेक कामगार भले दुसऱ्याच्या मागं उभे असोत, कागदावर प्रतिनिधी तीच. हा संप कधीच अधिकृतपणे मागं घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखभराहून जास्त लोकांची नोकरी गेली ती गेलीच.

गिरण्या आजारी पडल्या, पण त्यांच्याखालची जमीन ठणठणीत होती. परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा या भागांत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ मध्ये सरकारनं विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आणला. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची असेल, तर तिचे ढोबळमानानं तीन भाग. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणगावात मैदानं येणार, स्वस्त घरं येणार, असा हिशेब होता.

मग आलं २००१. नियमात दुरुस्ती झाली आणि तीन भाग करायचे ते फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे, असं ठरलं. गिरणीचं बांधकाम जिथं उभं आहे, ती जागा वाटपातून बाहेर. आता गिरणी म्हणजे काय? शेड, गोदाम, चिमणी, बॉयलर, सगळं बांधकामच की. मोकळी जागा राहते ती कडेकडेनं. वाटणीची भाकरी जवळजवळ सगळी आधीच कुणाच्या तरी ताटात गेली आणि उरलेल्या तुकड्याचे तीन भाग झाले. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूनं निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. माझ्या मते शेलू-वांगणीचा प्रश्न खरा तिथंच तयार झाला. २०२४ चा शासन निर्णय ही त्याची उशिरा आलेली पावती.

त्याच दुरुस्त्यांच्या काळात म्हाडाच्या वाट्यातली घरं गिरणी कामगारांना देण्याची तरतूदही आली. वाटा कापला आणि त्यातला हिस्सा कामगारांच्या नावावर केला, असा हा प्रकार. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर या गिरण्यांच्या हजेरीपटावर ज्याचं नाव होतं, तो पात्र. तो गेला असेल तर वारस. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात.

आणि घरं? २०१२ च्या सोडतीत ६,९२५. मे २०१६ मध्ये २,६३४. डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोनमधली २,४१७. मार्च २०२० मध्ये ३,८९४. बेरीज १५,८७०. म्हणजे शंभर अर्जदारांमागं साधारण नऊ घरं. १९८२ ला जो २५ वर्षांचा होता तो आज ६८ चा आहे आणि त्याचा नंबर अजून ‘पुढच्या सोडतीत’ आहे.

गिरणगाव म्हणजे कोण?

आपल्या डोक्यात गिरणी कामगार म्हटलं की टोपी घातलेला कोकणी माणूस येतो. तो होताच, खूप होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून माणूस यायचा आणि गावच्या मंडळाच्या खोलीत उतरायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, तीन पाळ्या, त्यामुळं एकाची रातपाळी संपली की त्याच वळकटीवर दुसऱ्याची झोप. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्यासोबत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ती वेगळी मोठी गोष्ट आहे. साताऱ्या-सांगली-कोल्हापूरचे घाटावरचे लोक होते. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर मदनपुऱ्यात राहायचे. तेलुगू पद्मशाली विणकरांच्या वस्त्या वरळी-प्रभादेवीकडं.

आणि या सगळ्यांत एक रेघ होती. विणाई म्हणजे साचे खातं, तिथं पगार चांगला. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. उष्टा धागा, मग दलित कामगाराला तिथं प्रवेश नाही. तो रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. लाल बावट्याखालची एकजूट खरी होती, पण त्या एकजुटीतही उष्ट्या धाग्याचा प्रश्न होता, हे गिरणगावाच्या आठवणी काढताना बऱ्याचदा राहून जातं.

आज या वस्तीचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथं सिनेमा बघायला जाता. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलमध्ये पब आले आणि २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी हजारो ऑफिसं आली, पूल मात्र गिरण्यांच्या काळातला राहिला. इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय. आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेही मोफत. चाळीत राहणारा भाडेकरू होता म्हणून त्याला वरळी, आणि ज्याची खोली कधीच सुटली, जो संपानंतर गावी गेला किंवा डोंबिवली-बदलापूरला सरकला, त्याला शेलू. दोघंही कदाचित एकाच खात्यात कामाला असतील. कायद्याच्या नजरेत फरक आहे हे मान्य. पण हा फरक त्यांना समजावून सांगायला कुणी जात नाही.

आता कर्जत-खालापूरचं गणित

शेलूवरची चर्चा अशी चालते जणू ती नकाशावरची रिकामी जागा आहे. मुळात या दोन तालुक्यांचं गिरणगावाशी नातं शंभर वर्षांहून जुनं आहे.

सुरुवातीला गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. कोळसा लांबून आणायचा, धूर शहरानं खायचा. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरोता अशी धरणं बांधली, घाटावरचं पाणी नळांतून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. गिऱ्हाईक कोण, तर मुंबईच्या गिरण्या. मागणी वाढली तसं १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं, त्याचं पाणी ठोकरवाडी धरणातून. म्हणजे परळमध्ये साचा फिरत होता, कारण खोपोली आणि भिवपुरीत टर्बाइन फिरत होतं.

या तारा मुंबईसाठी किती महत्त्वाच्या आहेत हे इथल्याच एका माणसानं बरोबर ओळखलं होतं. माथेरानचे भाई कोतवाल. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, कारण युद्धकाळात कारखाने थांबले तर सरकार हलेल. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. कर्जत-मुरबाडमध्ये आजही त्या दिवशी लोक सिद्धगडाला जातात.

दुसरा धागा तर शब्दशः धाग्याचा आहे. १९८२ ला मुंबईत संप पेटला आणि त्याच वर्षी पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यात रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. संपामुळं तो आला असं नाही, त्याची तयारी आधीपासूनची होती. पण देशाचं कापड सुतावरून पॉलिएस्टरकडं आणि संघटित गिरणीतून भिवंडीच्या यंत्रमागाकडं सरकत होतं, हे एकाच वर्षात शेजारी-शेजारी दिसलं. पुढं बॉम्बे डाईंगनंही पॉलिएस्टरचा प्रकल्प पाताळगंगेलाच टाकला. त्यांच्या मुंबईतल्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले.

खोपोलीत पोलादाचे, पाइपचे, कागदाचे, रसायनांचे कारखाने आले. गाव मोठं झालं, मग त्यातल्याही काही कारखान्यांना कुलपं लागली. त्यामुळं कारखाना बंद पडल्यावर घराचं काय होतं, हे खोपोलीकराला परळकरानं शिकवायची गरज नाही.

आणि इथले मूळचे लोक? कर्जत-खालापुरात आगरी, कुणबी, मराठा आहेत, डोंगरात ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. मुंबईला पाणी-वीज-भाजी पुरवणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. नवी मुंबईचं मोरबे धरण खालापूर तालुक्यातलंच. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह सापडले आणि ५७ जणांचा शोध लागलाच नाही. वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोनं चौकजवळ ४४ घरं बांधली. याच भागात एकीकडं फार्महाऊस, सेकंड होम आणि रिसॉर्टच्या जाहिराती आहेत, दुसरीकडं आजारी माणसाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणणारी वाडी आहे. शेलूत ३० हजार घरं येणार म्हणजे घरटी चार माणसं धरली तर १ लाख २० हजार लोक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कर्जत तालुक्याची लोकसंख्या २ लाखांच्या थोडी वर होती. इतका मोठा बदल ज्यांच्या दारात होणार, त्यांना काय वाटतं हे आझाद मैदानावरही कुणी विचारलं नाही आणि मंत्रालयातही.

‘पण फुकट नाही, स्वस्तात घर मिळतंय ना?’

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. आज मुंबईत साडेनऊ लाखांत गॅरेजसुद्धा मिळत नाही. मुंबईतली सोडतीची घरं काहींनी भाड्यानं दिली, विकलीही, हेही खरं. अनेक वारस आधीच बदलापूर-वांगणीकडं राहतात, त्यांना शेलू परकं नाही. ज्याला तिथं घर हवंय त्यानं ते जरूर घ्यावं. पर्याय म्हणून शेलू देणं आणि शेलू नाकारलं की नाव कापणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सत्तरीच्या माणसाच्या बाजूनं बघा. त्याचा डॉक्टर केईएममध्ये, कॅन्सर असेल तर टाटामध्ये. दोन्ही परळला. शेलूहून उपजिल्हा रुग्णालय कर्जतला आणि मोठं सरकारी रुग्णालय उल्हासनगरला. मुलाची नोकरी अंधेरीत असेल तर तो रोज पाच तास लोकलमध्ये. आणि पावसाळ्यात ही लाइन बंद पडते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटी लावून काढावं लागलं, ती हीच उल्हास नदी. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम बरंच पुढं गेलंय, त्यानं नवी मुंबई जवळ येईल. शेलूकरानं मात्र आधी उलटं कर्जतला जायचं आणि मग गाडी बदलायची.

शिवाय आधीचा अनुभव आहेच. कोनची २,४१७ घरं डिसेंबर २०१६ च्या सोडतीत लागली, किंमत ६ लाख. चाव्या हातात येण्याआधी कोरोना आला आणि इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. नंतर दारं-खिडक्या, नळ, सगळ्याची दुरुस्ती कुणी करायची यावर म्हाडा आणि एमएमआरडीएमध्ये पत्रव्यवहार. पैसे भरलेल्यांतल्या अनेकांना ताबा मिळायला सात-आठ वर्षं गेली. पंचाहत्तरीच्या माणसाला ‘आठ वर्षांत चावी’ म्हणजे काय, हे सांगायला नको.

कामगार संघटनांचं म्हणणं आहे की मुंबईत जमीन नाही हे कारणच पटत नाही. धारावी प्रकल्पासाठी मिठागरांपासून कुर्ल्याच्या डेअरीपर्यंत सरकारी जमिनी निघतात, मग गिरण्यांची उरलेली जमीन आणि इतर सरकारी भूखंड आमच्यासाठी का निघत नाहीत? यावर सरकारकडून ठोस यादी आलेली नाही. लाखभराहून जास्त कामगार-वारस पात्र आहेत आणि मुंबईत इतकी घरं एकदम होणार नाहीत, हा सरकारचा मुद्दा आकड्यांत बरोबर आहे. पण किती होतील, कुठं होतील आणि कधी, हे तरी कागदावर यायला हवं. तोवर शेलूचा फॉर्म भरायचा की थांबायचं, हे कामगारानं अंदाजानं ठरवायचं.

एक शेवटचा मुद्दा पाण्याचा, ज्याकडं कुणाचंच फारसं लक्ष नाही. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष. १ लाख २० हजार माणसांना रोज सुमारे १ कोटी ६२ लाख लिटर लागतील. शेलूजवळून वाहते उल्हास. पावसाळा सरला की तिच्यात पाणी राहतं ते भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळं. त्याच पाण्यावर खाली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या योजना आहेत. आणि त्याच भिवपुरीत टाटा पॉवर आता १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभारतेय, ज्यात पाणी खालून पुन्हा वर चढवून साठवलं जाईल. त्यासाठीचा करार २०२३ मध्ये राज्य सरकारसोबतच झालाय. शेलूच्या ३० हजार नळांना या नदीतलं किती पाणी मिळणार आणि ते कुणाच्या वाट्यातून कापणार, याचं उत्तर पहिल्या इमारतीचा पाया खणण्याआधी लागेल.